छोट्या गाड्यांसाठी भिंतीवरचं शोकेस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डायकास्ट गाड्यांचा, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या गाड्यांचा, संग्रह शे-दीडशेच्या घरात गेला की पहिला प्रश्न जागेचा वाटतो, पण खरा प्रश्न धुळीचा असतो. उघड्या फळीवर गाड्या मांडल्या तर दर पंधरवड्याला त्या पुसाव्या लागतात, आणि बारीक नुकसान होतं ते या पुसण्यातच. आरसा तुटतो, अँटेना वाकते, बॉनेटवर बारीक चरे उमटतात, डिकालचा (गाडीवर चिकटवलेल्या चित्राचा) कोपरा सुटतो. म्हणून माझं पहिल्यापासूनचं मत आहे की शोकेस बंदच हवं, काचेचं हवं, आणि ते लाकूडकामाच्या दृष्टीने साधं असलं तरी चालेल. दुकानात तयार मिळणारी कपाटं बहुतेक खोल असतात. त्यांत पुढे एक गाडी दिसते आणि मागे तीन लपतात.

इथे दिलेलं शोकेस १:६४ मापाच्या, म्हणजे खऱ्या मोटारीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या, गाड्यांसाठी आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांचा संग्रह इथूनच सुरू होतो. बाहेरून रुंदी ९०० मिमी, उंची ६०३ मिमी, आणि भिंतीपासून एकूण खोली १४५ मिमी. दहा कप्पे, सरकत्या काचा. सुतारकामाचा अनुभव नसला तरी होईल, कारण सगळे महत्त्वाचे काप प्लायवूडच्या दुकानातल्या मशीनवर करून घ्यायचे आहेत. विमानं किंवा जहाजं असतील तर माप कसं बदलायचं तेही पुढे येईल.

आधी भिंत, मग गाडी, मग लाकूड

भिंत निवडताना तीन ठिकाणं सोडा. पहिलं, जिथे दुपारचं ऊन थेट येतं. उन्हाने लाल आणि नारिंगी रंग फिके होतात, पांढरे डिकाल पिवळे पडतात आणि पारदर्शक प्लॅस्टिक कालांतराने धुरकट होतं. दुसरं, बाथरूमला लागून असलेली भिंत. तिसरं, पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत. मुंबई-कोकणात नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर आदळतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आतून हात लावला की ती गार, ओलसर लागते. घरातली दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यांत चांगली.

भिंत कशाची आहे ते पाहायला कोपऱ्यात एक छोटं भोक पाडा. लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी आणि ड्रिल पुढे सरकायला कंटाळत असेल तर काँक्रीट. पांढरी, पिठासारखी भुकटी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं तर नव्या इमारतींत वापरतात तो हलका एएसी ब्लॉक. त्यात साधे रावल प्लग धरत नाहीत. एएसीसाठीचे वेगळे नायलॉनचे प्लग हार्डवेअरच्या दुकानात मागून घ्या. जिप्समच्या पार्टिशनवर हे शोकेस टांगू नका.

आता गाडी. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार १:६४ मध्ये ७० मिमीची होते, १:४३ मध्ये १०५, १:२४ मध्ये १८७ आणि १:१८ मध्ये २५० मिमीची. हॉट व्हील्ससारख्या गाड्यांत माप काटेकोर नसतं. मोठी गाडी लहान करून आणि छोटी थोडी मोठी करून सगळ्या एकाच लांबीच्या आसपास आणलेल्या असतात, ७० ते ७८ मिमीच्या. त्यामुळे पुस्तकी हिशोबावर न राहता आपल्या संग्रहातली सर्वांत लांब, सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच अशा तीन गाड्या काढा आणि पट्टीने मोजा. माझ्या या आराखड्यात गाडीची लांबी ८० मिमीच्या आत, रुंदी ३२ च्या आसपास आणि उंची ४० च्या आत धरली आहे. तुमचं माप वेगळं आलं तर आत्ताच बदल करा, प्लाय कापल्यावर नाही.

कप्प्याची उंची ५० मिमी का, हे समजून घ्या. गाडी २५-३० मिमीचीच असते, म्हणजे ४० मध्येही बसेल आणि एखादा कप्पा जास्त निघेल असं वाटतं. पण गाडी आत ठेवायला आणि काढायला बोटं जायला हवीत, शिवाय वरची फळी इतकी जवळ आली की टपावर सावली पडते. सर्वांत खालचा कप्पा ७५ मिमीचा ठेवला आहे, ट्रक, बस आणि टो-ट्रकसाठी.

सामान

प्लायवूड घेताना कपाटाचा सांगाडा १२ मिमीचा, फळ्या ६ मिमीच्या आणि भिंतीवर टांगायच्या पट्ट्या १८ मिमीच्या. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांचं असतं. आपल्याला १२ मिमीचं अर्धं आणि ६ मिमीचं अर्धं शीट पुरतं, १८ चा तर तुकडाच लागतो. बरीच दुकानं अर्धं शीट कापून देतात, वखारीत उरलेले तुकडेही स्वस्तात मिळतात. आयएस ३०३ हा साध्या प्लायवूडचा आणि आयएस ७१० हा मरीन प्लायवूडचा मानक क्रमांक. समुद्रकिनाऱ्याच्या गावात किंवा तळमजल्यावर राहत असाल तर ७१० घ्या. पुणे, नाशिक, नागपूरकडे कोरड्या भिंतीवर चांगल्या कंपनीचा ३०३ पुरतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कापायला सोपे असले तरी पावसाळ्याची ओल प्यायले की कडेने फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

तुकडा विकत घेताना कडेकडून पाहा. थरांमध्ये पोकळी नको, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठूळ भुकटी तर अजिबात नको. तो पोखरणारा किडा आहे, आणि तो घरी आला की फक्त या शोकेसवर थांबत नाही.

बाकी सामान: फेविकॉल, ३५ मिमी आणि २५ मिमीचे बारीक स्क्रू, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाची लांबी (भोकं बुजवायची पुट्टी), पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक प्रायमर आणि मॅट रंग, ४ मिमी काचेसाठीचं सरकत्या काचेचं दोन खाचांचं चॅनल (वरचं आणि खालचं वेगळं असतं, जोडीनेच घ्या), खिडक्यांना लावतात ती ब्रशची पट्टी. हत्यारांत ड्रिल, गुण्या (काटकोन तपासायचा), स्टीलची पट्टी, बारीक दात्यांची करवत, पाणसळ आणि शक्य असल्यास दोन शिकंजे (क्लॅम्प).

चॅनल आधी विकत आणा आणि रुंदी मोजा. मी ते २० मिमी धरलं आहे. तुमचं १६ किंवा २२ असेल तर बाजूंची खोली त्या फरकाने कमी-जास्त करा.

कापून घ्यायची यादी

दुकानदार आणि मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत. त्या भाषेत आपलं काम भागणार नाही, कारण एक सूत म्हणजे तीन मिमीहून जास्त. यादी मिमीमध्ये कागदावर लिहून द्या आणि मशीनवाल्याला शांतपणे समजावा. मशीनचं पातं प्रत्येक कापात साधारण ३ मिमी खातं. खालचे तुकडे ते धरूनही अर्ध्या-अर्ध्या शीटमध्ये बसतात.

१२ मिमी: पाठ ९०० × ६०३, एक. बाजू ६०३ × ११५, दोन. वरची आणि खालची फळी ८७६ × ११५, दोन. मधली उभी फळी ५७९ × ८०, एक.

६ मिमी: ८७६ × ८० च्या नऊ पट्ट्या (प्रत्येकीचे ४३० चे दोन तुकडे, म्हणजे अठरा फळ्या). ९०० × ५० च्या चार पट्ट्या आणि ३५० × ७५ ची एक, टेकूंसाठी, म्हणजे ज्यांवर फळ्या बसतात त्या तुकड्यांसाठी.

१८ मिमी: ८०० × ८० ची एक पट्टी, लांबीच्या दिशेने मधोमध ४५ अंशांत चिरून. ८०० × ४० ची एक साधी.

पाठीचा तुकडा काटकोनात कापलेला आहे ना, एवढं दुकानातच तपासा. दोन्ही कर्ण मोजले की कळतं. दोन्ही १०८३ मिमीच्या आसपास आणि एकसारखे यायला हवेत. ही पाठच पुढे आपला सगळ्यांत मोठा गुण्या होणार आहे.

मधली उभी फळी काढून टाकून एकच लांब कप्पा करावा असा मोह होतो, कारण सलग रांग सुंदर दिसते. पण ६ मिमीची फळी ८७० मिमी लांब ठेवली तर गाड्यांच्या वजनाने मध्यभागी जवळजवळ एक सेंटिमीटर खाली येऊ शकते. फळीची लांबी दुप्पट केली आणि गाड्या त्याच दाटीने मांडल्या, तर वाक सोळापट होतो. ४३० च्या फळीला तो एक मिमीच्याही आत राहतो. सलग रांग हवीच असेल तर फळ्या १२ मिमीच्या घ्या आणि पाठीमागून स्क्रू मारा. मात्र मग दर फळीमागे ६ मिमी उंची जाते.

जोडणी

१. सगळ्या तुकड्यांवर पेन्सिलने नाव लिहा: डावी, उजवी, मधली, वर, खाली, आणि कोणती कड पुढची ते. मग कडा ८० च्या पेपरने आणि पृष्ठभाग २२० ने घासा. पेपर तंतूंच्या दिशेने फिरवा.

२. टेकू कापा. ५० मिमीच्या पट्ट्यांचे ८० मिमी लांबीचे छत्तीस तुकडे आणि ७५ च्या पट्टीचे चार. यांची लांबी एखादा मिमी इकडेतिकडे झाली तरी चालते. उंची मशीनने अचूक दिलेली आहे, आणि कप्प्यांचं माप त्या उंचीवरच अवलंबून आहे. या पद्धतीचा मोठा फायदा हाच की फळ्यांसाठी खाचा पाडाव्या लागत नाहीत आणि प्रत्येक फळीची जागा वेगळी आखावी लागत नाही.

३. दोन्ही बाजू आणि मधली उभी फळी टेबलावर शेजारी-शेजारी आडव्या ठेवा. बाजूंवर खालून १२ मिमीवर एक रेघ मारा, कारण तिथे खालची फळी येणार आहे. मधल्या फळीचं खालचं टोक त्या रेघेशी जुळवा. आता रेघेपासून सुरुवात करून ७५ चा टेकू फेविकॉलने चिकटवा, टेकूची मागची कड फळीच्या मागच्या कडेशी अगदी सपाट ठेवून. त्यावर ६ मिमी प्लायचा एक उरलेला तुकडा उभा ठेवा, त्याला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा एक थर लावा, आणि त्याला टेकवून पुढचा ५० चा टेकू चिकटवा. तुकडा काढा, वर सरकवा, पुन्हा तेच. कागदाचा थर रंगासाठी आहे. फळीला दोन्ही बाजूंनी रंग लागला की ती अर्धा मिमी जाड होते, आणि त्या कागदाशिवाय फळ्या रंगानंतर आत जाणारच नाहीत.

तिन्ही फळ्यांवर एकेक कप्पा एकाच वेळी पुढे न्या, म्हणजे टेकूंच्या रांगा एका पातळीत राहतात. कागदाच्या थरांमुळे सर्वांत वरच्या टेकूला ५० मिमी जागा उरणार नाही, चार-पाच मिमी कमी पडतील. तो उरलेल्या जागेइतका कापून बसवा. मधल्या फळीची एक बाजू पूर्ण वाळली की तिची दुसरी बाजू करा.

बाहेर आलेला फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या फेविकॉलवर रंग धरत नाही.

४. आता पेटी. वरची आणि खालची फळी बाजूंच्या मध्ये येते. १२ मिमीच्या कडेत स्क्रू थेट फिरवला तर थर फाटतात, म्हणून आधी २.५ मिमीचं भोक पाडा, तोंडाशी ते थोडं रुंद करा म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसेल. प्रत्येक कोपऱ्याला ३५ मिमीचे दोन स्क्रू आणि फेविकॉल. पेटी झाली की फेविकॉल ओला असतानाच ती पालथी घाला, पाठ वर ठेवा आणि चारही कडा पाठीच्या कडांशी जुळवा. पेटी तिरकी असेल तर ती इथे सरळ होते. पाठीतून चारही बाजूंना दर १५० मिमीवर एक स्क्रू. मग मधली उभी फळी आत सरकवा, दोन्ही खण ४३२ मिमीचे आहेत ना ते वर आणि खाली दोन्हीकडे मोजा, आणि तिला वरून, खालून व पाठीतून स्क्रू लावा. एक फळी घालून पाहा. ती अलगद आत जाऊन दोन्ही टेकूंवर सपाट बसली की जोडणी बरोबर आहे.

५. स्क्रूची डोकी आणि प्लायच्या उघड्या कडा लांबीने भरा, वाळल्यावर २२० ने घासा. पुढची कड सागवानी लिपिंगने झाकली तर फारच देखणी दिसते, पण ती पट्टी सुतारानेच लावावी.

रंग आणि वास

आतला रंग फिकट करडा, मॅट. पांढऱ्यावर पांढऱ्या गाड्या हरवतात, काळ्यावर काळ्या, आणि चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. करड्यावर सगळे रंग उठून दिसतात. एक हात प्रायमर, दोन हात रंग, दोन हातांच्या मध्ये हलका पॉलिश पेपर. फळ्या सुट्या असल्याने त्या वेगळ्या रंगवता येतात. मागची कडही रंगवा, उघडं लाकूड तिथूनच ओल घेतं.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नवीन प्लायवूड, फेविकॉल आणि रंग यांतून बरेच दिवस वाफा निघत राहतात. त्यांत ॲसेटिक ॲसिडही असतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. उघड्या खोलीत त्याने काही बिघडत नाही, पण बंद काचेच्या आत ते साठतं. शिसं आणि शिशाचे मिश्रधातू त्याने पांढरे पडून भुकटी होतात. जहाजांच्या जुन्या मॉडेलांमध्ये शिशाच्या तोफा आणि नांगर असे गेल्याचं संग्रहालयांना चांगलं ठाऊक आहे. डायकास्टमधल्या जस्तावरही या आम्लाचा थोडाफार परिणाम होतो. म्हणून रंग झाल्यावर शोकेस काचेविना, हवेशीर खोलीत तीन-चार आठवडे उघडं ठेवा. मग एक रात्र पुढचं तोंड प्लॅस्टिकने घट्ट बंद करा आणि सकाळी ते काढून लगेच आत नाक घाला. वास आला तर अजून आठवडाभर थांबा.

याच कारणासाठी काच किंवा फटी चिकटवायला आंबट वासाचं साधं सिलिकॉन वापरू नका. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा, ते थोडं महाग असतं. सनमायका लावायचा विचार असेल तर तो बाहेरून लावा, आत नको. त्याच्या रबरी गोंदाचा वास फार दिवस टिकतो.

टांगणं

तिरकी चिरलेली १८ मिमीची पट्टी म्हणजे दोन अर्धे. एक अर्धा शोकेसच्या पाठीला वरच्या बाजूस लावा, तिरका काप खाली आणि टोकदार कड भिंतीपासून लांब नव्हे तर भिंतीकडे, म्हणजे पाठ आणि पट्टी यांच्यात खालून खोबण तयार होईल अशी. आतून २५ मिमीचे सहा-सात स्क्रू आणि फेविकॉल. दुसरा अर्धा भिंतीवर, तिरका काप वर आणि टोकदार कड खोलीकडे. वरून शोकेस अलगद खाली सोडलं की दोन्ही काप एकमेकांत अडकतात, आणि वजन जितकं जास्त तितकं ते भिंतीला घट्ट बसतं. पाठीला खालच्या बाजूस साधी १८ मिमीची पट्टी लावा, म्हणजे शोकेस उभं सरळ राहील.

भिंतीवरच्या पट्टीला चार स्क्रू, ७५ मिमी लांबीचे, ८ मिमीच्या प्लगमध्ये. एवढी लांबी लागते कारण १८ मिमी पट्टीत जातात, पुढचे प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर वजन धरत नाही. धरते ती मागची वीट. पट्टी पाणसळीने तपासूनच शेवटचा स्क्रू आवळा. उंची अशी ठेवा की शोकेसचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर येईल. घरातल्या मुलांचाही या गाड्यांवर जीव असेल तर १२० वर आणा.

लाकडाचं वजन नऊ-दहा किलो, काचा पाच किलो, गाड्या सहा-सात किलो. सगळं मिळून वीस-बावीस किलो होतं, म्हणून इथे घाई नको. या पद्धतीत शोकेस आणि भिंतीत १८ मिमीची हवा राहते, आणि पावसाळ्यात तिचा फार उपयोग होतो. भिंतीला चिकटलेल्या पाठीवर बुरशी येते, अंतरावर असलेल्या पाठीवर सहसा येत नाही.

चॅनल आणि काच

शोकेस भिंतीवर गेल्यावरच काचेचं माप घ्या. आधी चॅनल बसवा: खोल खाचांचं वर, उथळ खाचांचं खाली, दोन्ही पुढच्या कडेशी सपाट. आता खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या छतापर्यंत मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सर्वांत कमी आकडा घ्या. त्यातून खालच्या खाचेची खोली आणि आणखी २ मिमी वजा करा. उदाहरणार्थ, अंतर ५७६ आणि खालची खाच ६ मिमी असेल तर काचेची उंची ५६८. काच आधी वरच्या खोल खाचेत ढकलायची, खालची कड आत घ्यायची आणि खाली सोडायची. काढताना उलट. काच खाली बसल्यावर वरच्या खाचेत ती निदान पाच मिमी राहते ना, हेही पाहा.

रुंदी: आतलं अंतर ८७६, दोन काचा एकमेकींवर २५ मिमी याव्यात, म्हणून प्रत्येकी ४५०. जाडी ४ मिमी. काचेचं वजन काढायला सोपा हिशोब आहे, एक चौरस मीटर काच दर मिमी जाडीला अडीच किलो. काचवाल्याला चारही कडा घासून द्यायला आणि प्रत्येक काचेला एक बोटखाच पाडायला सांगा. घरात लहान मुलं असतील तर टफन्ड घ्या. मात्र टफन्ड काच नंतर एक मिमीही कापता येत नाही, तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी माप पुन्हा घ्या. ॲक्रिलिक हलकं असलं तरी मी ते सुचवणार नाही. पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट जास्त चिकटते, शिवाय दोन वर्षांत चरे दिसू लागतात.

दोन्ही बाजूंना काच जिथे टेकते तिथे ब्रशची पट्टी लावा, आणि दोन काचांमधल्या फटीत मागच्या काचेच्या कडेवर एक.

दिवे

फक्त वर दिव्याची पट्टी लावली तर पहिला कप्पा उजळतो आणि बाकीचे नऊ अंधारात राहतात, कारण फळ्या लाकडाच्या आहेत. म्हणूनच फळीची पुढची कड आणि चॅनल यांच्यात १५ मिमी जागा सोडली आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला त्या जागेत वरपासून खालपर्यंत उभी एलईडी पट्टी लावा, दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये. प्रोफाइल कोपऱ्याचं, ४५ अंशांचं घेतलं तर उजेड आत पडतो आणि डोळ्यांत येत नाही. १२ व्होल्टची, ४००० केल्विनची, मीटरला साधारण १० वॉटची पट्टी घेतली तर दोन्ही मिळून ११-१२ वॉट होतात. १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर पुरतो. तो तापतो, त्यामुळे शोकेसच्या बाहेर ठेवा, आणि वायरचं भोक रबरी ग्रोमेटने (भोकात बसणाऱ्या कड्याने) बंद करा, नाहीतर कसर आणि मुंग्या तिथून येतात.

गाड्या मांडणं

तोंड काचेकडे करून उभ्या केल्या तर एका खणात नऊ बसतात, संपूर्ण शोकेसमध्ये १८० पर्यंत. काचेला समांतर ठेवल्या तर एका खणात चार, पण गाडीचा आकार खरा तसाच दिसतो. मला स्वतःला थोड्या तिरक्या ठेवलेल्या आवडतात. एका कप्प्यात सगळ्या एकाच दिशेला तिरक्या असाव्यात, नाहीतर नजर अडखळते.

तोंड काचेकडे असलेल्या गाड्या जराशा धक्क्याने पुढे घरंगळतात. यासाठी उदबत्तीची मसाला नसलेली काडी उत्तम. ती ४१५ मिमीच्या मापात दोन तुकडे जोडून फळीच्या पुढच्या कडेपासून १० मिमी आत चिकटवा आणि फळीच्याच रंगात रंगवा. पुढची चाकं तिला टेकून थांबतात आणि दोन पावलांवरून काडी दिसतही नाही. पोस्टर चिकटवायची पुट्टी चाकांखाली लावू नका, तिचं तेल रंगात उतरतं.

रबरी टायर असलेल्या गाड्यांची एक वेगळी काळजी आहे. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर येतं आणि खालचं प्लॅस्टिक किंवा रंग मऊ करतं. अशा गाड्या रंगवलेल्या फळीवर थेट ठेवण्याऐवजी खाली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची पट्टी ठेवा.

पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या खालच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी वाळवायचे ते कळतं. निळे दाणे ओल घेऊन गुलाबी होतात. त्यांच्या निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका. नारिंगीतून हिरवे होणारे मिळाले तर ते घ्यावेत. डांबरगोळ्या आणि कापूर मात्र आत कधीही नकोत. दोन्हींच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात.

विमानं आणि जहाजं असतील तर

जोडणीची पद्धत तीच, आकडे बदला. १:७२ मध्ये मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत १० सेंमीचे भरतात, आणि सुखोई-३० एमकेआयची लांबी ३० सेंमी, पंख २० सेंमी. नुसतं मिगसाठी केलेलं शोकेस सुखोई आल्यावर निरुपयोगी होतं, म्हणून सर्वांत मोठ्या विमानावरूनच खोली ठरवा. ३० सेंमी खोलीत विमान तिरकं ठेवलं की सहसा बसतं. कप्पा १५० मिमी उंच हवा, लँडिंग गिअर, शेपूट आणि हात जाण्यासाठी. एवढ्या खोलीला फळ्या ५ मिमी काचेच्या करा. वरून पडणारा उजेड त्यातून खालपर्यंत जातो आणि विमानाचं पोटही दिसतं. काचेच्या फळीखाली प्रत्येक बाजूला टेकूवर पातळ फेल्ट चिकटवा.

२०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विक्रांत २६२ मीटर लांब आहे. १:७०० मध्ये ती ३७ सेंमीची होते, म्हणजे लांबीच्या हिशोबाने आपल्या ४३० च्या खणात बसते, पण १:३५० मध्ये ७५ सेंमीची. त्या मापाच्या जहाजाला मधली उभी फळी काढावी लागते, आणि मग त्या एका कप्प्याची फळी १८ मिमीची हवी. ज्यांच्या संग्रहात शिशाच्या किंवा व्हाइट मेटलच्या (बहुधा शिसं असलेल्या मिश्रधातूच्या) आकृत्या आहेत, त्यांनी वर सांगितलेली वासाची चाचणी दोनदा करावी, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एखादी आकृती उजेडात धरून तिच्या घड्यांमध्ये पांढरी भुकटी दिसते का ते पाहावं.